न दिलेल्या सल्ल्याची फी

बँकेच्या कर्जविभागात नोकरी केलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाऐवजी हातातल्या कागदांकडे बघायचं, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत निकाल देऊन टाकायचा. "हे होणार नाही." "जामीनदार बदला." "आधी जुनं खातं बंद करून या." माझी उभी हयात या तीन वाक्यांवर निघाली. लोक मुकाट ऐकायचे. ऐकणारच, कर्ज त्यांना हवं असायचं. पण आपण शहाण्या आहोत म्हणून लोक ऐकतात, असा माझा पक्का समज झाला आणि स्वेच्छानिवृत्ती घेताना ग्रॅच्युइटीबरोबर तोही मी घरी आणला. त्यामुळे "लोकांशी बोलण्यात तुझा हातखंडा आहे, तू एक्झिक्युटिव्ह कोच हो" असं एका मैत्रिणीने सुचवलं तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आजवर फुकट वाटलेले सल्ले आता तासाच्या दराने द्यायचे, एवढंच.

फी भरून झाल्यावर पहिल्याच वर्गात कळलं, की या धंद्यात सल्ला द्यायलाच बंदी आहे. कोचने विचारायचं, ऐकायचं आणि गप्प बसायचं. उत्तर क्लायंटने स्वतःचं स्वतः शोधायचं. फी परत मिळणार नाही हे अर्जावर बारीक अक्षरात होतं. ते मी वाचलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली, ती मी. इकडे दारावर 'कोच' अशी पाटी लागल्यावर सोसायटीतल्या एका आईने नववीच्या भूमितीची फी विचारली. तेव्हाच हो म्हटलं असतं तर आजवर जास्त कमावलं असतं.

या सगळ्याचं मूळ टेनिसमध्ये आहे. टिमथी गॅलवे नावाचे गृहस्थ, एके काळचे हार्वर्डच्या टेनिस संघाचे कर्णधार, पुढे टेनिस शिकवायला लागले. त्यांच्या लक्षात आलं, की 'कोपर वर, गुडघा वाकव, मनगट सैल' अशा सूचनांचा भडिमार केला की शिकणारा आणखीच आखडतो. मग ते सूचना द्यायचे थांबले. चेंडू जमिनीवर पडला की 'टप्पा' म्हण, रॅकेटला लागला की 'फटका' म्हण, बाकी काही करू नकोस, एवढंच ते सांगायला लागले. डोकं चेंडू बघण्यात गुंतलं आणि हात आपोआप सुटला. १९७४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनचे जॉन व्हिटमोर हे मूळचे मोटारशर्यतवाले, १९६५ साली टूरिंग कारचं युरोपीय अजिंक्यपद जिंकलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कचेऱ्यांत नेलं. त्यांच्या १९९२च्या पुस्तकामुळे 'ग्रो' ही चौकट जगभर गेली: आधी ध्येय विचारा, मग वास्तव, मग पर्याय, शेवटी निर्धार.

मी चौकट पाठ केली आणि नवऱ्यावर लावून पाहिली. ते पेपर वाचत बसले होते.

"तुमचं आत्ताचं ध्येय काय आहे?"

"चहा."

"आणि सध्याचं वास्तव?"

"चहा नाही."

"कोणकोणते पर्याय दिसतात?"

त्यांनी पेपर खाली केला. "तू करशील, किंवा मी करेन."

"मग यातलं तुम्ही नक्की काय करणार आहात?"

ते उठले आणि चहा करून आणला. चौकट चालते याचा याहून चोख पुरावा कुठल्याही पुस्तकात नाही. फक्त चहा एकच कप होता.

पुढचा धडा 'का'चा. 'का' विचारू नये, असं शिकवतात. 'का केलंस' म्हटलं की माणूस विचार करायचं सोडून वकिली सुरू करतो. त्याऐवजी 'काय' आणि 'कसं' विचारावं. गोष्ट अगदी खरी आहे. पण आमच्या घरातला 'का' काढला तर घरात बोलायला फारसं काही उरत नाही. तरी मी नेटाने सुरुवात केली. एकदा दूध उतू गेलं तेव्हा, "दूध उतू जाताना नेमकं काय काय घडत होतं?" असं मी अत्यंत मोकळ्या मनाने सासूबाईंना विचारलं. "तू शेगडीपाशी नव्हतीस, हे घडत होतं," त्या म्हणाल्या.

मग ऐकल्याची खूण पटवणं. क्लायंटचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं, म्हणजे आपण लक्ष देतोय हे त्याला कळतं आणि त्यालाही आपलंच म्हणणं बाहेरून दिसतं. मानसोपचारात कार्ल रॉजर्स यांनी रुजवलेली ही रीत. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी तिचं विडंबन म्हणून 'एलायझा' हा संगणकाचा प्रोग्रॅम केला होता. समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला विचारायचं, एवढंच त्या यंत्राला येत होतं. तरी खुद्द वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. हे वाचून मला हुरूप आला. यंत्राला जमतं ते मला न जमायला काय झालं? मामेबहिणीचा फोन आला.

"जावेचा मला अगदी वीट आलाय गं."

"म्हणजे जावेचा तुला वीट आलाय."

"हो. कालपासून तर बोलावंसंच वाटत नाही."

"तुला तिच्याशी बोलावंसं वाटत नाहीये."

थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग, "तू बरी आहेस ना? भाऊजींना फोन दे."

सगळ्यात अवघड प्रकरण शांततेचं. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या आसपास शाळांमध्ये टेपरेकॉर्डर लावून तपासलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. साधारण १ सेकंद. तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त विचार केलेली येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. कोचने तर याहूनही जास्त थांबायचं असतं. वर्गात हे ऐकताना मी मान डोलावली. पण माझं कोचिंग बहुतेक व्हिडिओ कॉलवर. मी प्रश्न विचारून शांत, प्रसन्न, समजूतदार चेहरा करून थांबले की पलीकडून, "मॅडम, फ्रीझ झालात." एका क्लायंटने माझ्या त्या शांततेत राउटर बंद करून पुन्हा चालू केला. त्यानंतर मी जिवंत आहे हे कळावं म्हणून अधूनमधून मान हलवायला लागले, तर त्याला वाटलं मी होकार देतेय. त्या होकाराच्या भरवशावर त्याने राजीनामा लिहिला होता. पाठवला नाही, हे माझं नशीब.

आता दाखल्याचं गणित. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था अमेरिकेत १९९५ साली थॉमस लिओनार्ड यांनी काढली. तिच्या सगळ्यात खालच्या पायरीलाही शिक्षणाशिवाय १०० तास कोचिंग केल्याची नोंद लागते आणि त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात. सगळ्यात वरच्या पायरीला २५०० तास. बोलायचे पैसे मागणं सोपं असतं. ऐकायचे पैसे माग म्हटल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. नातेवाईक तर, "अगं, तूच मला दे, तुझे तास भरतायत," म्हणून मोकळे झाले.

अशा टंचाईच्या काळात अंबड एमआयडीसीतून एक क्लायंट आले. इलेक्ट्रिक पॅनेलच्या लोखंडी पेट्या बनवण्याचा त्यांचा कारखाना. मी त्यांना इथे पॅनेलभाऊ म्हणते. नाव गुप्त ठेवणं हा आमच्या आचारसंहितेचा भाग आहे आणि लेखाला त्यांनी परवानगी दिली ती "रंगाचं खुशाल लिहा, रेट लिहू नका" एवढ्या अटीवर. तक्रार साधी होती. "मॅडम, चार दिवस गावाला जाता येत नाही. माझ्याशिवाय इथं पान हलत नाही."

खरोखरच हलत नव्हतं. केबिनच्या काचेपलीकडे पत्रा वाकवायचं मशीन धडधडत होतं, आणि भाऊ माझ्याशी एक वाक्य बोलले की फोन. "सोळा गेज घे रे, अठरा नको." पुन्हा एक वाक्य, पुन्हा फोन. "दरवाज्याला गॅस्केट लावलं का? मग लाव की." पुन्हा. "शेड? सत्तर बत्तीस. पस्तीस नाही, बत्तीस." ७०३२ आणि ७०३५ हे दोन करडे रंग, पॅनेलवाल्यांचं सगळं जग या दोन करड्यांत मावतं. मला दोन्ही सारखेच दिसले. फोन ठेवतात तोच दारात पोरगा. "भाऊ, टेम्पो आलाय, कुठं लावू?" भाऊंनी नुसतं बोट दाखवलं. खिडकीतून आवार दिसत होतं. टेम्पो लावायला तिथे जागा एकच होती.

कोचला यापेक्षा जास्त काय हवं? फक्त विचारायचं, "भाऊ, आत्ता हे जे घडलं, त्यात तुम्हाला काय दिसतं?" तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या कागदावर गेली. बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट. माझे हात शिवशिवले.

"भाऊ, नव्वद दिवसांवरची येणी तुम्ही ड्रॉइंग पॉवरमध्ये धरलीत. बँक धरणार नाही."

पुढचा सगळा वेळ मी कॅश क्रेडिटवर बोलले. भाऊ लिहून घेत होते. शेवटी शेवटी मूळ दुखणं आठवलं, तर तेही मीच उरकलं: सुपरवायझर नेमा. भाऊ म्हणाले भरवशाचा माणूस मिळत नाही. मी म्हटलं शोधा. ते म्हणाले पगार परवडत नाही. मी परवडेल हे मांडून दाखवलं. व्यसन सोडवण्याच्या क्षेत्रात काम करणारे मिलर आणि रॉलनिक सांगतात, की समोरच्याचं बिनसलेलं तिथल्या तिथे नीट करायची मदत करणाऱ्याला हुक्की येते. आणि आपण बदलाची बाजू लढवायला लागलो की समोरचा आपोआप न बदलण्याची बाजू घेतो. हे मी वाचलेलं होतं, खाली पेन्सिलीने रेघही मारलेली होती. शेवटी भाऊ थकून म्हणाले, "साडू आहे एक रिकामा." मी म्हटलं, "मग घ्या की त्यांना!"

साडूंनी आल्या आल्या पत्र्याच्या भावात पेट्या द्यायची ऑर्डर घेतली. भाऊंचा फोन आला. "मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून घेतला. आता काढायचा कसा तेही सांगा. पलीकडे बायकोची बहीण आहे."

सांगितलं मी तेही. मग सवयच लागली. पावडर कोटिंगवाला आज येत नाही म्हणतो, काय करू? वेल्डर उचल मागतोय, देऊ? सकाळी कुकरची शिट्टी व्हायच्या आत भाऊंचा फोन, आणि मी एका हातात झारा घेऊन अंबडचा कारखाना चालवतेय. खोटं कशाला बोलू, मला बँक सोडल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. "त्यांना गावाला जाता येत नव्हतं ना?" नवरा म्हणाला. "आता तुलाही येणार नाही."

दाखल्यासाठी एका अनुभवी मेंटॉरकडून आपलं काम तपासून घ्यावं लागतं. भाऊंच्या संमतीने केलेलं एक रेकॉर्डिंग कागदावर उतरवून मी पाठवलं. त्यात माझे परिच्छेदच्या परिच्छेद होते आणि भाऊंचं 'हो', 'बरोबर', 'लिहून घेतो'. मेंटॉरबाईंनी सगळं वाचून एकच विचारलं, "यात क्लायंट कोण आहे?" मग त्यांनी समजावलं, की जे क्लायंटच्या कारखान्यात चाललंय तेच हुबेहूब क्लायंट आणि कोचमध्ये सुरू होतं. हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५ सालीच हे टिपून ठेवलंय. पोरं भाऊंना विचारून मोकळी होत होती, भाऊ मला विचारून मोकळे होत होते, आणि दोन्हीकडे उत्तर देणाऱ्याची छाती फुगत होती.

त्याच सुमारास निफाड तालुक्यातला एक तरुण द्राक्षबागायतदार आला. त्याचं म्हणणं, "फवारण्या मी करतो, रात्री जागतो मी, निर्णय अण्णांचा." माझी नोकरी शहरातल्या शाखेत, धंद्याच्या कर्जांवर गेलेली, द्राक्षाचं माझं ज्ञान गाडीवर भाव करण्यापुरतं. सल्ला द्यायची इच्छा होती, पण माल नव्हता. गोडी छाटणी म्हणजे काय, इथपासून विचारावं लागलं. तो न कंटाळता सांगत गेला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, ती फळासाठी. ती लवकर घेतली तर माल लवकर निघतो आणि भाव बरा मिळतो, पण मागाहून पाऊस आला तर डाऊनी रोग बागेत शिरतो. मुलाला लवकर छाटायची होती, अण्णा दसऱ्याशिवाय कात्रीला हात लावू देत नव्हते.

"आणि तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं. पुढचा प्रश्न मला खरोखर सुचत नव्हता, म्हणून मी गप्प राहिले. तो नखाने चहाच्या कपाचा कंगोरा खरवडत राहिला.

"अख्खी बाग नकोय मला," तो म्हणाला. "एक एकर द्या म्हणायचंय. गेला तर माझा गेला."

"हे अण्णांना कधी म्हणालात?"

"म्हणालोच नाही."

ते कधी म्हणायचं आणि कुणाच्या समोर, हे त्याने तिथेच ठरवलं. मी फक्त चहा दिला. व्हिटमोर यांनी एक किस्सा लिहून ठेवलाय: त्यांच्या टेनिसवर्गांना कोच कमी पडले तेव्हा त्यांनी बर्फावर स्कीइंग शिकवणारी, गॅलवेंच्या पद्धतीत तयार झालेली माणसं हातात रॅकेट देऊन उभी केली. त्यांना टेनिस येत नव्हतं. काही वेळा तर त्यांनी टेनिसच्या कोचांपेक्षा सरस काम केलं, कारण फटक्यात काय चुकलं हे त्यांना दिसतच नव्हतं. ते बिचारे नुसतं विचारत राहिले. मी निफाडपुरती तशी ठरले. बागायतदाराने फी म्हणून द्राक्षांची पेटी आणून दिली. वस्तूच्या रूपात मिळालेला मोबदलाही फेडरेशन धरते, त्यामुळे तो तास 'पैसे घेतलेला' म्हणून नोंदला गेला. सासूबाईंनी पेटी उघडून विचारलं, "काय सांगितलंस गं त्याला?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे प्रथमच जरा आदराने बघितलं.

बँकेतली एक सवय मात्र एकदा उपयोगी पडली. व्हिडिओ कॉलवर एक मुलगी यायची, कामाचं नियोजन शिकायला. बोलता बोलता कळलं, की कित्येक दिवस तिला झोप नाही, जेवण नाही, आणि सकाळी उठायचं कशाला हे तिला कळेनासं झालंय. इथे चौकटी काढायच्या नसतात. "हे माझ्या खिडकीवरचं काम नाही," मी सरळ सांगितलं, आणि ती मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेईपर्यंत फोन ठेवला नाही. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही तिला लिहून घ्यायला लावला. त्या दिवशी सल्ला दिला आणि मेंटॉरबाई काही बोलल्या नाहीत.

पॅनेलभाऊंशी मी नव्याने करार केला. सकाळचे फोन बंद. भेटीत मी विचारणार, उत्तर देणार नाही. "विचार मीच करायचा, तर फी कशाची?" त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण माणूस मोठा, हळूहळू त्यांना ते आवडायला लागलं. एकदा मी समोर बसलेली असतानाच फोन वाजला. पलीकडून शेड विचारत होते. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि शांतपणे म्हणाले, "तुला काय वाटतं?" आणि फोन ठेवला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्याला ७०३५ वाटलं. अख्खा लॉट ७०३५ मध्ये निघाला. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर ७०३२ छापलेलं होतं. ज्याचं उत्तर छापील कागदावर आहे तिथे प्रश्न विचारायचा नसतो, कागद दाखवायचा असतो. कोचिंग कुठे करू नये हेसुद्धा कोर्समध्ये शिकवलं होतं. त्या वेळी मी आधीच्या धड्याच्या मथळ्याला निळी चौकट काढत होते.

तरी भाऊंनी आरडाओरडा केला नाही. पोरांना बोलावून, "आता काय करायचं?" एवढंच विचारलं, आणि टेम्पो कुठं लावू विचारणारा तोच पोरगा म्हणाला की जॉबकार्डावर शेड आणि गेज मोठ्या अक्षरात लिहून मशीनवर चिकटवू. चिकटवलं. फोन निम्म्याने थंडावले. साडूंना भाऊंनी वसुलीवर टाकलं. नव्वद दिवसांवरची येणी ते लोकांकडे तासन् तास बसून, चहावर चहा पिऊन काढून आणतात, कारण त्यांना उठवायला लोकांना दुसरा उपाय सुचत नाही. हे मी सुचवलेलं नव्हतं. भाऊ गावच्या यात्रेला जाऊन आले.

आल्यावर त्यांनी माझं बिल चुकतं केलं आणि बरोबर एक डेबिट नोट जोडली: पेट्या घासून पुन्हा कोटिंग करण्याचा खर्च, अधिक जीएसटी. हिशेब चोख होता; बँकेत असते तर सही केली असती. फी वजा जाता देणं माझ्याच अंगावर निघत होतं. म्हणून हे तास फेडरेशनच्या नोंदीत पैसे घेतलेले धरायचे की पैसे दिलेले, हे मी मेंटॉरबाईंना फोन करून विचारलं.

पलीकडे चांगली लांब शांतता. फोन लागलाय ना, म्हणून मी स्क्रीन बघितला.

"तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या.